प्रलयानंतर वाटणी कोण करते?

विज्ञानकथा वाचताना किंवा विज्ञानपट पाहताना आपण शिक्षक मंडळी एक काम न चुकता करतो. कथेतले विज्ञान बरोबर आहे का, ते तपासतो. अवकाशात स्फोटाचा आवाज ऐकू आला, तर निर्वात पोकळीतून ध्वनी जात नाही, हे विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून देतो. मुंगी हत्तीएवढी झाली, तर तिचे पाय तिचे वजन पेलणार नाहीत, असे सांगतो. लांबी दसपट झाली की वजन हजारपट होते, पायाचा छेद मात्र शंभरपटच वाढतो. ही सवय चांगली आहे. पण एका प्रकारच्या कथांना ती पुरत नाही. जगाचा नाश झाल्यावर उरलेली माणसे कशी जगतात, हे सांगणाऱ्या त्या कथा. सोयीसाठी आपण त्यांना प्रलयकथा म्हणू.

प्रलयकथेचा साचा आज आठवी-नववीच्या मुलांनाही पाठ असतो. अणुयुद्ध होते, साथ येते किंवा आकाशातून काही तरी कोसळते. शहरे ओस पडतात. उरलेल्या माणसांच्या टोळ्या होतात. एका टोळीकडे पाणी असते, दुसरीकडे इंधन, तिसरीकडे हत्यारे. कोणालाच एकट्याने जगता येत नाही, म्हणून हाडवैरी टोळ्या नाइलाजाने तह करतात. तह चालू असताना प्रत्येकाचा हात कमरेच्या सुरीवर असतो आणि योग्य वेळ येताच कोणी तरी दगा देतो. चित्रपट, मालिका, मोबाइलवरचे खेळ, सगळीकडे हेच कथानक थोड्याफार फरकाने भेटते.

अशी कथा वाचून झाल्यावर आपण काय तपासतो? किरणोत्सर्ग इतकी वर्षे टिकेल का, हिमयुग इतक्या लवकर येईल का, एवढेच. ‘संकटात माणसे अशी वागतात’ हेही त्या कथेने केलेले एक विधान आहे, आणि तेही निरीक्षणाने पडताळता येते, याकडे आपले लक्ष जात नाही. या लेखात ते विधान तपासायचे आहे. त्यासाठी लागणारे निरीक्षण आपल्याला दूर शोधावे लागणार नाही. ते लोहारा तालुक्यात आहे.

तीन कथा, तीन गृहीतके

आधी कथा नीट वाचू. जॉन विंडॅम यांची ‘द डे ऑफ द ट्रिफिड्स’ ही इंग्रजी कादंबरी १९५१ साली प्रसिद्ध झाली. आकाशात एका रात्री हिरवट प्रकाशाचे झोत दिसतात आणि ते पाहणारे जवळजवळ सगळे लोक सकाळी आंधळे झालेले असतात. थोड्याच लोकांची दृष्टी शाबूत राहते. लगेच प्रश्न उभा राहतो: डोळसांनी आंधळ्यांना सांभाळायचे की त्यांना सोडून निघून जायचे? एक गट म्हणतो, जेवढे वाचतील तेवढे वाचवू. त्यासाठी तो डोळस माणसांना पकडून आंधळ्यांच्या जथ्यांशी साखळीने बांधतो. दुसरा गट म्हणतो, सगळ्यांना वाचवणे शक्य नाही. थोडे निवडक लोक घेऊन नवी वसाहत करू. शेवटी तिसरा गट येतो. तो लष्करी शिस्तीच्या नावाखाली सरंजामशाही आणू पाहतो. या कादंबरीतले गट केवळ ताकदीसाठी भांडत नाहीत. जे थोडे उरले आहे ते कोणत्या न्यायाने वाटायचे, यावर त्यांचे मतभेद आहेत. मला हा तिचा सर्वात मोठा गुण वाटतो. चालणारी विषारी झाडे खरी की खोटी, हा प्रश्न त्यापुढे गौण आहे.

दुसरी कथा विल्यम गोल्डिंग यांची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’, १९५४ सालची. गोल्डिंग स्वतः शाळामास्तर होते आणि पुढे १९८३ साली त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. जगात अणुयुद्ध चालू असताना काही शाळकरी मुले एका निर्जन बेटावर अडकतात. प्रथम ती सभा घेतात, नियम करतात. मग दोन तट पडतात आणि गोष्ट खुनापर्यंत जाते. भाषेची आणि रचनेची ताकद मोठी आहे, यात शंका नाही. पण कादंबरी सुचवते ते असे, की शिस्तीचे कवच काढले की आत रानटीपणाच असतो.

तिसरी कथा पडद्यावरची. ‘मॅड मॅक्स’ मालिकेतला तिसरा चित्रपट, १९८५ सालचा ‘बियाँड थंडरडोम’. वाळवंटात एक बाजारगाव वसलेले आहे. वरच्या गावावर एका बाईची सत्ता आहे. खाली तळघरात डुकरांच्या विष्ठेपासून मिथेन वायू काढून त्यावर वीज तयार होते, आणि ते तंत्र जाणणारा ठेंगू माणूस एका धिप्पाड सोबत्याच्या खांद्यावर बसून तिथे राज्य करतो. वरचीला वीज हवी, खालच्याला वरचा बाजार हवा. तो मनात येईल तेव्हा वीज तोडतो आणि आपणच खरे मालक असल्याचे वदवून घेतो. नाइलाजाच्या युतीचे इतके नेमके चित्र क्वचितच सापडेल.

विज्ञानाच्या दृष्टीनेही हे गाव बरेचसे पटते. गोबर गॅसचा खड्डा पाहिलेल्या मुलाला ऑक्सिजनविरहित कुजण्यातून मिथेन कसा मिळतो, हे वेगळे सांगावे लागणार नाही. त्याच मालिकेतल्या १९८१ च्या चित्रपटात मात्र टोळ्या पेट्रोलसाठी लढतात. वास्तविक साठवलेल्या पेट्रोलमधले हलके घटक उडून जातात, बाकीच्याचे हळूहळू ऑक्सिडीकरण होऊन डिंकासारखा साका तयार होतो, आणि ते फार काळ वापरण्याजोगे राहत नाही. वर्गात चर्चेला घेण्याजोगा हा मुद्दा आहे. पण आपण पुढे जाऊ.

तिन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. नाश झाला की जुना समाज पुसला जातो आणि पाटी कोरी होते, असे त्या धरून चालतात. नवे गट त्या कोऱ्या पाटीवर तयार होतात. हे गृहीतक खरे आहे का?

३० सप्टेंबर १९९३

त्या दिवशी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या सीमेवरचा भाग भूकंपाने हादरला. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपलेले होते. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगातल्या मोठ्या भूकंपांशी तुलना केली तर हा आकडा मध्यम म्हणावा लागेल. तरीही सुमारे आठ हजार माणसे गेली. लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि आज लोहारा तालुक्यात असलेले सास्तूर ही दोन मोठी गावे भुईसपाट झाली. होळी, राजेगाव यांसारख्या गावांचीही तीच गत झाली.

इतकी माणसे का गेली, याचे उत्तर बांधकामात आहे. या भागातली जुनी घरे माळवदाची. भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, पण आतून आणि बाहेरून दगडाचे दोन स्वतंत्र थर आणि मधे माती व चिपा. दोन्ही थरांना सांधणारे आडवे लांब दगड नसत. वर ऊन आणि पाऊस अडवण्यासाठी वर्षानुवर्षे चढवलेला मातीचा जाड थर. हादऱ्यांनी भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले आणि भिंती ढासळल्या. अनेक ठिकाणी आतले लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, माणसे मात्र दगड-मातीखाली गाडली गेली. शिवाय हा भाग तेव्हाच्या भूकंपप्रवण नकाशात सर्वात कमी धोक्याच्या विभागात होता. पुढे २००२ साली नकाशा सुधारला, तेव्हा तो तिसऱ्या विभागात गेला.

सास्तूरच्या माणसाला त्या पहाटे काय वाटले असेल? गाव हेच जग असेल, तर ते जग संपले होते. प्रलय या शब्दाचा अर्थ एवढ्या जवळून पाहणारी माणसे अजून आपल्यात आहेत. म्हणून प्रलयकथेचे विधान इथे तपासणे योग्य ठरते.

पहिले दिवस

साच्याप्रमाणे त्या सकाळी टोळ्या दिसायला हव्या होत्या. प्रत्यक्षात माणसे हातांनी, पहारीने, फावड्याने ढिगारे उपसत होती. उमरगा, लातूर, सोलापूर अशा गावांहून मदत निघाली, सैन्य आले, स्वयंसेवी संस्था आल्या. पण कोणत्याही भूकंपात पहिल्या काही तासांत वाचलेल्यांचा जीव बहुधा शेजाऱ्याने वाचवलेला असतो, कारण तेवढ्या वेळात दुसरे कोणी पोचतच नाही. जपानमधल्या कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ रोजी भूकंप झाला. तिथे ढिगाऱ्यांत अडकलेल्या सुमारे ३५,००० लोकांपैकी सुमारे २७,००० लोकांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच बाहेर काढले, असा अंदाज आहे. जपानसारख्या सुसज्ज देशातही अग्निशामक, पोलीस आणि सैन्य यांचा वाटा त्यामानाने लहान होता.

ही काही फक्त भावनेची गोष्ट नाही. आपत्तीत माणसे कशी वागतात, याचा अभ्यास शंभर वर्षे चालू आहे. कॅनडातील हॅलिफॅक्स बंदरात ६ डिसेंबर १९१७ रोजी दारूगोळ्याने भरलेल्या जहाजाचा प्रचंड स्फोट झाला. त्याच गावात धर्मोपदेशक असलेल्या सॅम्युअल प्रिन्स यांनी त्यावर प्रबंध लिहिला, तो १९२० साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर चार्ल्स फ्रिट्झ, एन्रिको क्वारांटेली अशा समाजशास्त्रज्ञांनी वादळे, पूर, भूकंप यांतल्या वागणुकीच्या नोंदी केल्या. त्यांचा निष्कर्ष बऱ्याच अंशी सारखा आहे: आंधळी पळापळ आणि सर्रास लुटालूट आपण समजतो त्यापेक्षा पुष्कळच विरळ असते, आणि पहिल्या काळात लोकांमधली मदतीची वृत्ती वाढते. लुटालूट कधी होतच नाही, असे कोणी म्हणत नाही. नियम कोणता आणि अपवाद कोणता, एवढाच प्रश्न आहे.

गोल्डिंगच्या बेटाचीही एक खरी आवृत्ती आहे. १९६५ साली टोंगा देशातील सहा शाळकरी मुले होडी भरकटल्याने ‘अता’ नावाच्या निर्जन बेटावर अडकली. सुमारे पंधरा महिन्यांनी, १९६६ साली, त्यांची सुटका झाली. त्यांनी कामे वाटून घेतली होती आणि विस्तव विझू दिला नव्हता. भांडण झाले की भांडणारे थोडा वेळ एकमेकांपासून दूर जात. एकाचा पाय मोडला, तर इतरांनी तो बांधला आणि त्याची कामे केली. सहा मित्रांच्या एका उदाहरणावरून सगळ्या मानवजातीबद्दल नियम काढता येत नाही. पण मग एका कल्पित कादंबरीवरूनही काढता येणार नाही.

चुकीच्या चित्राची किंमत मोठी असते. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहर २००५ साली कत्रिना वादळानंतर पाण्याखाली गेले. शहरात खून आणि लुटालूट माजल्याच्या बातम्या पसरल्या. त्यांतल्या अनेक नंतर निराधार ठरल्या. पण ३१ ऑगस्टला महापौरांनी शोध आणि सुटकेच्या कामावरचे सुमारे १,५०० पोलीस काढून लुटालूट रोखण्यासाठी लावले. छपरांवर माणसे वाट पाहत असताना हे घडले. ४ सप्टेंबरला एका पुलावर पोलिसांनी निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या, त्यात दोघे मेले. संकटात माणूस टोळीवाला होतो, असे मनात पक्के बसले की समोरचा तहानलेला माणूससुद्धा टोळीवाला दिसू लागतो. ज्या मुलांना आपण आज या कथा वाचू देतो, त्यांतलीच काही उद्या पोलीस, तलाठी, डॉक्टर किंवा पत्रकार होणार आहेत.

मग तट कधी पडतात?

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल, की संकटात सगळे एक होतात आणि गुण्यागोविंदाने राहतात, असे सांगायचे आहे. तसे मुळीच नाही. तट पडतात. फक्त प्रलयकथा सांगते त्या वेळी नाही आणि त्या कारणाने नाही.

भूकंपानंतर महाराष्ट्र शासनाने जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने पुनर्वसनाचा कार्यक्रम आखला. सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवायची ठरली. याखेरीज हजारो गावांतल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. तात्पुरत्या पत्र्याच्या शेडमध्ये राहणाऱ्या लोकांसमोर आता वेगळे प्रश्न आले. नवे गाव कुठे वसवायचे? कोणाची जमीन जाणार? एकत्र कुटुंबाला एक घर की भावाभावांना वेगळी? कोणाचे घर कोणाच्या शेजारी? आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, कोणाला केवढे घर?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या मोजमापाने दिले गेले. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फुटांचे घर, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० चौरस फुटांचे आणि सात हेक्टरांच्या वर जमीन असलेल्यांना ७५० चौरस फुटांचे. या नियमामागे विचारच नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोठ्या शेतकऱ्याला धान्य, गुरे आणि अवजारे यांसाठी जागा लागते, त्याचे पूर्वीचे घरही मोठे होते. पण शेतमजुराच्या घरात माणसे कमी असतात, असे थोडेच आहे? छप्पर सगळ्यांचेच कोसळले होते. नवे छप्पर देताना मात्र जुनी पायरी विचारली गेली.

प्रलयकथेत नेमकी हीच गोष्ट सापडत नाही. भूकंपाने भिंती पाडल्या, सातबारा पाडला नाही. पाटी कोरी झालीच नव्हती. जमिनीची नोंद, जातीची गल्ली, भाऊबंदकी, गावातले पक्ष, सगळे ढिगाऱ्याखालून माणसांबरोबरच वर आले. याच मराठवाड्यात १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावर दलित वस्त्यांवर हल्ले झाले होते. विद्यापीठाचा नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी, म्हणजे भूकंपानंतर साडेतीन महिन्यांनी. एकाच प्रदेशात, एकाच हिवाळ्यात पुनर्वसन आणि नामविस्तार हे दोन्ही विषय ऐरणीवर होते. तट भूकंपाने निर्माण केले नाहीत. वाटणीची वेळ आली तेव्हा आधीचेच तट पुन्हा उभे राहिले.

शिवाय वाटणी करणारी यंत्रणा गावाबाहेरची होती. तलाठ्याचे दप्तर, अभियंत्याचा आराखडा, देणगीदार संस्थेचा ठेकेदार, बँकेची अट. अनेक नव्या गावांची आखणी शहरातल्या वसाहतीसारखी झाली: सरळ रस्ते, चौकोनी भूखंड, जुन्या गावठाणापेक्षा कितीतरी मोठा विस्तार. घर भूकंपाला टिकणारे झाले, पण ओसरी गेली, गोठ्याची जागा गेली, हाकेच्या अंतरावरची शेजारीण दूर गेली. याउलट दुरुस्ती आणि मजबुतीकरणाच्या कार्यक्रमात घरमालकाने स्वतः काम करून घ्यायचे होते. तिथे गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. पैसा कशासाठी आला, काम कसे करून घ्यायचे, हे त्या घराघरांत सांगू लागल्या. एकाच भूकंपात वाटणीच्या या दोन वेगळ्या रीती दिसल्या. टोळ्या आणि तह यांच्या कथेत या बायकांना जागाच नसते.

एक रास्त आक्षेप

कोणी विचारील, ही तुलना बरोबर आहे का? सास्तूरचे जग संपले तरी लातूर, पुणे, मुंबई शाबूत होती. बाहेरून धान्य आले, पैसा आला, पोलीस आले. खऱ्या प्रलयात बाहेर कोणी उरणारच नाही. तेव्हा माणसे टोळ्याच करतील.

आक्षेपात तथ्य आहे. संपूर्ण जग नष्ट होण्याचा अनुभव कोणालाच नाही, त्यामुळे कोणताही निष्कर्ष त्याला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण बाहेरच्या सत्तेवाचून, वैर असूनही माणसांनी एकमेकांना सांभाळून घेतल्याची उदाहरणे आहेत. पहिल्या महायुद्धात फ्रान्स-बेल्जियमच्या आघाडीवर समोरासमोरच्या खंदकांतले सैनिक महिनोन्‌महिने एकमेकांसमोर बसून होते. अनेक ठिकाणी त्यांनी वरिष्ठांच्या नकळत एक अलिखित समझोता पाळला: तुम्ही आमच्या जेवणाच्या वेळी गोळीबार करू नका, आम्ही तुमच्या वेळी करणार नाही. रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांनी १९८४ सालच्या आपल्या पुस्तकात याचे विश्लेषण केले. त्यांच्या मते यासाठी मैत्री लागत नाही, चांगुलपणाही लागत नाही. उद्या पुन्हा याच माणसाशी गाठ पडणार आहे, ही खात्री लागते. ज्याला पुन्हा भेटायचेच नाही, त्याला दगा देणे फायद्याचे असते. रोज भेटायचे असेल, तर नसते.

या मुद्द्यावर ‘मॅड मॅक्स’सारखी कथा पुन्हा पाहा. तिचा नायक वाटसरू आहे. तो येतो, लढतो, निघून जातो. वाटसरूच्या डोळ्यांनी पाहिले, तर प्रत्येक तह फसवाच दिसणार. गावात राहणाऱ्याला मात्र उद्या त्याच विहिरीवर त्याच माणसासमोर उभे राहायचे असते.

आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर पुरंदर तालुक्यातील नायगावचे घ्यावे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी तिथे पाणी पंचायतीचे काम उभे केले. पाणी थोडे, मागणारे पुष्कळ, आणि सगळ्यांचे हितसंबंध वेगळे. प्रलयकथेतल्या टोळ्यांसाठी याहून चांगली जमीन कोणती? तिथे नियम असे ठरले: पाणी जमिनीवर नाही, माणशी मिळेल, माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही हक्क, ऊस लावायचा नाही, खर्चाचा पाचवा हिस्सा लाभार्थ्यांनी आधी भरायचा. सगळ्या योजना पुढे टिकल्या नाहीत, हेही खरे आहे. पण नियम काय सांगतो ते पाहा. एकीकडे घराचा आकार जमिनीवरून ठरला, दुसरीकडे पाण्याचा वाटा डोक्यांवरून ठरला. दोन्ही आपल्याच राज्यात, दोन्ही आपत्तीतूनच. निसर्गाने यांपैकी काहीच ठरवले नव्हते.

मराठी विज्ञानकथेचे काय?

मराठीत या विषयाला हात घालणारे मोठे नाव जयंत नारळीकर यांचे. २०२५ साली ते गेले, पण त्यांच्या कथा शाळाशाळांत वाचल्या जातात. ‘धूमकेतू’ या कथेत एक धूमकेतू पृथ्वीवर आदळणार हे कळल्यावर निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ गुप्तपणे एकत्र येतात आणि अणुस्फोटाने त्याची दिशा बदलण्याचा बेत करतात. एरवी एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्यांची ही युतीच आहे, पण ती प्रलयाच्या आधीची. त्याच वेळी घरी शांतीसाठी यज्ञ चालू असतो, आणि संकट टळल्याचे श्रेय कोणाला द्यायचे, हा प्रश्न कथेच्या शेवटी आपल्याला टोचत राहतो. ‘हिमप्रलय’ कथेतही मुख्य तंटा टोळ्यांचा नाही. इशारा देणारा शास्त्रज्ञ आणि वेळेवर न ऐकणारे जग यांच्यातला तो तंटा आहे.

संकट येण्यापूर्वी शहाणे व्हावे, हा या कथांचा आग्रह शिक्षकाला आवडण्याजोगा आहे. किल्लारी परिसरात १९९२ सालीही धक्के बसले होते, हे आठवले की तो आणखी पटतो. पण माझ्या वाचनातल्या मराठी विज्ञानकथा बहुतेक इथेच थांबतात. प्रलय टळतो किंवा येतो. त्यानंतरची वाटणी कथेत येत नाही. ज्या भाषेच्या मुलखात कोयना, १९७२ चा दुष्काळ आणि १९९३ चा भूकंप घडले, तिथल्या लेखकाला वाळवंटातल्या मोटारी उसन्या आणण्याची गरज नाही. पत्र्याच्या शेडमध्ये भरलेली, घरांच्या यादीवरून पेटलेली आणि तरीही दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेली एक बैठक लिहिली, तर ती कुठल्याही परदेशी चित्रपटापेक्षा खरी प्रलयकथा होईल.

वर्गात काय करता येईल?

प्रलयकथा मुलांपासून लपवाव्यात, असे मला वाटत नाही. त्या वाचाव्यात, पाहाव्यात आणि मग पाच प्रश्न विचारावेत. या कथेत नाशापूर्वीचे काय उरले आहे: नोंदी, नाती, कर्जे, वैर? जे थोडे आहे ते वाटण्याचा नियम कोणता, आणि तो कोणी केला? नियम करताना कोण हजर नव्हते? या माणसांना पुन्हा भेटायचे आहे का? आणि पहिल्या तासात कोणी कोणाला बाहेर काढले? या प्रश्नांना उत्तर देऊ न शकणाऱ्या कथेचे भौतिकशास्त्र कितीही अचूक असो, ती अर्धीच वैज्ञानिक म्हणावी लागेल.

लोहारा, उमरगा, औसा या तालुक्यांतल्या शाळांना आणखी एक काम करता येईल. आजच्या दहावीच्या मुलांचा जन्म भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी झाला. त्यांनी जुन्या गावठाणाचा आणि नव्या गावाचा नकाशा काढावा. पावलांनी अंतरे मोजावीत. विहीर, शाळा, देऊळ, मशीद, दलित वस्ती तेव्हा कुठे होती आणि आता कुठे आहे, ते दाखवावे. २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांचे आराखडे शाळेच्या मैदानावर चुन्याने आखावेत आणि प्रत्येकात आपल्या घरातली माणसे, धान्याची पोती आणि एक म्हैस कशी मावते, ते उभे राहून पाहावे. क्षेत्रफळाचा याहून चांगला धडा नाही. वडीलधाऱ्यांशी बोलताना मात्र जपून बोलावे. ज्यांना सांगायचे आहे त्यांचेच ऐकावे, आणि कोणी गप्प राहिले तर त्यांना गप्प राहू द्यावे.

हे काम केलेल्या मुलाला पुढच्या वेळी पडद्यावर टोळ्यांचा तह होताना दिसेल, तेव्हा तो कोण जिंकेल याची वाट पाहील, तसेच यादी कोण करते आहे, तेही शोधील. संकट पुन्हा येईल, तेव्हा ती यादी करायला यांच्यातलेच कोणी तरी बसलेले असेल.